आमचा ओटा मोजलात, कंपनीचा मनोरा कधी मोजणार?

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

महोदय,


मालमत्ता कराबद्दल आपल्याकडे येणारी पत्रे बहुतेक ‘कर कमी करा’ म्हणणारी असतात. हे पत्र तसे नाही. मी अंबाजोगाईत राहतो, घरपट्टी भरतो, माझ्या नावावर थकबाकी नाही. बिलातला आकडा जड जातो, पण त्याचे रडगाणे आज गायचे नाही. या गावच्या जमिनीवर, रस्त्यांवर, गच्च्यांवर वीज कंपन्यांच्या वाहिन्या आणि उपकेंद्रे उभी आहेत, मोबाईलचे मनोरे उभे आहेत, रस्त्याखाली केबल पडल्या आहेत. तालुक्यातून रेल्वे जाते, शेजारच्या तालुक्यांच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. या सगळ्याची खरी किंमत राज्यातल्या कोणत्या आकारणी रजिस्टरात लिहिली आहे, एवढेच मला विचारायचे आहे. आपल्या खात्याला हा प्रश्न नवा असेल असे समजण्याइतका मी भाबडा नाही.

आमची घरे कशी मोजली जातात ते आधी सांगतो. नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्याप्रमाणे आकारणी यादी चार वर्षांतून एकदा नव्याने तपासायची असते. गावात तिला ‘चतुर्थ वार्षिक’ म्हणतात. त्या वर्षी गल्लीत पोरे येतात, हातात लेझरचा मीटर, मोबाईलमध्ये घराचा नकाशा. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहतात. पावसाचे पाणी आत येते म्हणून त्यांनी न्हाणीवर चार पत्रे टाकले होते. पोराने पत्र्याखालची जागा मोजली, ‘वाढीव बांधकाम’ असे लिहिले आणि सही मागितली. बाई म्हणाल्या, ‘लेकरा, न्हाणीचं बी भाडं येतंय का?’ पोरगं हसलं. पण बाईंनी कायद्याचे मर्मच विचारले होते. ही जागा वर्षाकाठी किती भाड्याने जाईल याचा अंदाज करायचा, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. न्हाणी असो की ओटा, भाडे येवो न येवो, आकडा बसतोच.

आता हीच रीत मोबाईलच्या मनोऱ्याला लावून पाहा. खाली एक लहानशी खोली किंवा नुसती कपाटे, शेजारी जनरेटर, सभोवती तारेचे कुंपण, वर लोखंडी सांगाडा. पायाची जागा मोजली तर आमच्या न्हाणीहून थोडी मोठी भरेल. चौरस फुटाला भाड्याचा दर लावला की कंपनीच्या वाट्याला एखाद्या पत्र्याच्या दुकानाएवढा कर येतो. पण त्या मनोऱ्याची किंमत त्या चौरस फुटांत आहे का? तो ज्या जाळ्याचा भाग आहे, त्या जाळ्यामुळे त्याला किंमत आहे. जाळे काढून घ्या, उरेल ते भंगार. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याला त्याच्या हद्दीतला सांगाडा दिसतो, जाळे दिसत नाही. ते फक्त राज्याला दिसू शकते, म्हणजे आपल्याला.

ही काही माझी नवी शक्कल नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी 1870 च्या दशकातच ओळखले की रेल्वे गावागावांत तुकडे करून मोजता येत नाही. सगळ्या कंपनीचे मूल्य एकदा ठरवायचे आणि मग रुळाच्या लांबीप्रमाणे ज्याचा त्याचा हिस्सा वाटायचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत 1875 च्या सत्रातच उचलून धरली. 1897 मध्ये ओहायो राज्याच्या खटल्यात ॲडम्स एक्स्प्रेस ही पार्सल पोचवणारी कंपनी म्हणाली की आमच्याकडे त्या राज्यात घोडे, गाड्या आणि तिजोऱ्या एवढेच आहे, त्यावर काय तो कर घ्या. न्यायालयाने ते मानले नाही. घोड्यांची किंमत बाजारातली, पण देशभर चालणाऱ्या धंद्यात जुंपलेल्या घोड्यांची किंमत वेगळी, असा त्या निकालाचा अर्थ. आज कॅलिफोर्नियात वीज, दूरध्वनी, रेल्वे या कंपन्यांची आकारणी जिल्ह्याकडे नसते, राज्याचे मंडळ करते. कॅन्ससच्या विचिटा विद्यापीठात तर केवळ वीज, दळणवळण आणि वाहतूक कंपन्यांचे करासाठी मूल्य कसे करावे या एका विषयावर अधिकाऱ्यांची दरवर्षी परिषद भरते. इंग्लंडमध्येही रेल्वे, वीज, दूरसंचार यांच्या देशव्यापी जाळ्यांसाठी वेगळी मध्यवर्ती यादी आहे. आपल्याकडे 1914 पासून नगररचना आणि मूल्यनिर्धारणाचे खाते आहे. त्या खात्याने महाराष्ट्रातल्या एका तरी वीज किंवा दूरसंचार कंपनीचे असे अखंड मूल्य आजवर केले आहे का? केले असेल तर ते कोणत्या वर्षी आणि किती, हे जाहीर करावे.

मूल्य करणे अवघड आहे, असे आपले अधिकारी सांगतील. अवघड आहे, पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक भूखंडाचा दर मुद्रांक शुल्कासाठी शासनच ठरवते, त्याचे तक्ते काढते. राज्यात भूखंड किती आणि वीज कंपन्या किती? शिवाय वीज कंपन्यांनी हे काम आपल्यासाठी करूनच ठेवले आहे. दरवाढ हवी असली की त्या वीज नियामक आयोगापुढे जातात आणि वाहिन्या, रोहित्रे, उपकेंद्रे अशी आपली स्थिर मालमत्ता तपशीलवार मांडतात. त्या मालमत्तेवरचा घसारा मागतात, तिच्यात गुंतवलेल्या भांडवलावर परतावा मागतात. तो मंजूर झाला की आमच्या वीजबिलातून वसूल होतो. म्हणजे ग्राहकाकडून पैसे घेताना त्याच खांबाला किंमत आहे आणि गावाला कर देताना तो खांब किंमतशून्य. एकाच शासनाच्या दोन खोल्यांत एकाच खांबाचे दोन भाव कसे चालतात, हे मला समजावून सांगाल का?

‘ती सरकारी कंपनी आहे’ हे उत्तर कृपया देऊ नये. वीज मंडळ 2005 च्या जूनमध्ये मोडून महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या आपणच केल्या. कंपनी म्हणजे सरकार नव्हे, हे सर्वोच्च न्यायालय फार आधीपासून सांगत आले आहे. 1964 मध्ये आंध्रच्या रस्ते परिवहन महामंडळाच्या प्रकरणात त्याने सांगितले की महामंडळाचे उत्पन्न म्हणजे राज्याचे उत्पन्न नव्हे. 1982 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात सांगितले की सरकारी कंपनीची मालमत्ता म्हणजे केंद्राची मालमत्ता नव्हे, तिला मालमत्ता कर चुकत नाही. 1990 मध्ये मुंबई महापालिका विरुद्ध इंडियन ऑइल या खटल्यात पेट्रोलियमच्या अवाढव्य टाक्यांचा प्रश्न आला. त्या जमिनीला नट-बोल्टने जोडलेल्या नव्हत्या, स्वतःच्या वजनानेच बसलेल्या होत्या. तरीही त्या करपात्र ठरल्या. मुंबईच्या 1888 च्या कायद्यात यंत्रसामग्रीची किंमत करयोग्य मूल्यात धरायची नाही असे कलम आहे. कारखान्याच्या मागासाठी ते समजू शकते. वीज कंपनीची तर सारी मालमत्ताच यंत्रे आणि तारा. तिच्या बाबतीत यंत्र कुठे संपते आणि वास्तू कुठे सुरू होते, ही रेघ नगरपरिषदांना कुणी आखून दिली आहे का?

2021 साली पथदिव्यांची बिले थकली म्हणून गावोगावी वीज तोडली गेली. रस्ते अंधारात बुडाले. तेव्हा चिडून अनेक ग्रामपंचायतींनी खांबांवर आणि डीपीवर कर लावण्याचे ठराव घेतले. ग्रामपंचायती आपल्या खात्यात येत नाहीत, ग्रामविकासकडे येतात, हे मला माहीत आहे. पण गावाने कंपनीला द्यायचे ते पै-पैने मोजायचे आणि कंपनीने गावाला द्यायचे ते मोजायचेच नाही, हे धोरण कोणत्या एका खात्याचे नाही, शासनाचे आहे.

शेजारच्या परळीतले औष्णिक केंद्र 1971 पासून आहे. वीज राज्याला जाते, राख इथे राहते. 2015 मध्ये पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले. बंद पडलेल्या केंद्राचे मूल्य कमी धरायला हवे, हेही मी मान्य करतो. अमेरिकेतल्या त्या पद्धतीत उत्पन्न घटले की मूल्यही घटते. पण कमी-जास्त करायला मुळात काहीतरी ठरलेले लागते.

मनोऱ्यांचा विषय पुन्हा काढतो, कारण तिथे आपली टाळाटाळ सर्वांत उघडी पडते. 16 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिका विरुद्ध जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकरणात स्पष्ट सांगितले की मोबाईलचा मनोरा ही ‘इमारत’ आहे आणि राज्याला त्यावर मालमत्ता कर लावता येतो. त्यानंतर आपण राज्यभर एक दर, एक पद्धत, एक तक्ता काढाल अशी अपेक्षा होती. तेवढ्यात केंद्राचा 2023 चा दूरसंचार कायदा आला. त्यातले 14 वे कलम जून 2024 पासून लागू आहे. ज्या मालमत्तेवर दूरसंचाराचे जाळे उभारले आहे त्या मालमत्तेचा ते भाग मानायचे नाही, त्या मालमत्तेच्या करासाठीही नाही, असे ते कलम म्हणते. घरमालकाच्या डोक्यावरचे ओझे उतरले, चांगलेच झाले. पण मनोरा घराचा भाग नाही, मग कशाचा? तो कंपनीच्या नावाने स्वतंत्र मालमत्ता म्हणून लावायचा की मोकळा सोडायचा? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे कलमात ‘मोकळा सोडा’ असे कुठेही म्हटलेले नाही. आपल्या विधी सल्लागारांनी काय वाचले? एखाद्या छोट्या नगरपरिषदेने कंपनीच्या नावाने नोटीस काढली तर तिच्यासमोर मुंबई-दिल्लीचे नामवंत वकील उभे राहतील. नगरपरिषदेकडे पॅनेलवरचा एक वकील, त्याचीही फी मागच्या वर्षीची बाकी. अशा लढाईत आपण तिला एकटे सोडणार आहात का?

रस्त्याच्या कडेचे भावही ऐका. केंद्राच्या 2022 च्या सुधारित नियमांत शहरातल्या खांबावर दूरसंचाराचे लहान यंत्र बसवण्यासाठी वर्षाला 300 रुपये असा दर होता. आमच्या मंडी बाजारात रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला हा आकडा सांगून पाहा. तिची पावती रोजची असते.

रेल्वेचे वेगळे आहे. ती केंद्राची मालमत्ता, राज्यघटनेच्या अनुच्छेद 285 ने तिला करातून सूट आहे, हे मान्य. पण 19 नोव्हेंबर 2009 रोजी राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे तोडगा निघाला. केंद्राच्या मालमत्तांनी कर नाही तरी सेवा शुल्क द्यायचे: सगळ्या नागरी सेवा घेत असतील तर मालमत्ता कराच्या 75 टक्के, काही सेवा घेत असतील तर 50 टक्के, एकही घेत नसतील तर एक तृतीयांश. त्यासाठी स्थानिक संस्थेने करार करायचा. आमच्या गावाला रेल्वे नाही. तालुक्यात घाटनांदूरला आहे. पण जिल्ह्यात आता नवा मार्ग येतो आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीडला गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीस वर्षे वाट पाहून आलेल्या रेल्वेचे स्वागत आम्ही नाचून केले. पण त्या मार्गावरच्या ज्या नगरपरिषदांच्या हद्दीत स्थानके, वसाहती, मालधक्के येतील, त्यांनी सेवा शुल्काचे करार आत्ताच करावेत म्हणून आपण एखादे परिपत्रक काढले आहे का? राज्यातल्या किती नगरपरिषदांनी असे करार केले, त्याची यादी आपल्या टेबलावर आहे का?

पवनचक्क्यांबद्दल लिहिताना हात जड होतो. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचा संदर्भ त्या तपासात पुढे आला. साऱ्या देशाने आमच्या जिल्ह्याचे नाव कोणत्या कारणाने ऐकले, ते मी पुन्हा उगाळत नाही. खटल्याचे काम न्यायालय करील. मला दिसते ते एवढेच की बालाघाटच्या या माळावर कंपन्यांकडून पैसे कसे मागावेत याचा बेकायदा मार्ग सगळ्यांना पाठ आहे, आणि कायदेशीर मार्ग, म्हणजे रीतसर मूल्य, रीतसर नोटीस, रीतसर पावती, तो कुणी धड आखलेलाच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये एका पवनचक्कीची किंमत काय लिहावी, हे ग्रामसेवकाने कुणाला विचारायचे? एका राज्यव्यापी मूल्यातून त्या गावाचा हिस्सा ठरलेला असता आणि तो थेट ग्रामनिधीत जमा झाला असता, तर कंपनीलाही काय द्यायचे ते ठाऊक असते आणि गावालाही काय मागायचे ते.

आता आपल्या शब्दांकडे वळतो. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वतःच्या पायावर उभे करायचे होते, ती 1 जून 1993 पासून लागू आहे. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली. त्या बदल्यात अनुदान मिळेल असे सांगितले गेले. अनुदान येते, पण आपल्या मर्जीने आणि आपल्या वेळेला, आणि बरेचसे पगारातच जिरते. तेराव्या वित्त आयोगाने प्रत्येक राज्यात मालमत्ता कर मंडळ असावे, त्याने नगरपालिकांना पारदर्शक आकारणीसाठी मदत करावी, अशी अट घातली होती. ते मंडळ आज कुठे बसते, त्याने अंबाजोगाईसारख्या किती गावांना मदत केली? पंधराव्या आयोगाने मालमत्ता कराचे किमान दर ठरवल्याशिवाय शहरांना अनुदान नाही असे बजावले. तेव्हा वाढ झाली ती कुणाच्या करात? न्हाणीवर पत्रे टाकणाऱ्यांच्या. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका होईपर्यंत राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या, म्हणजे आपल्याच हाती. त्या काळात कंपन्यांची आकारणी दुरुस्त करायला आपल्याला कोणत्या नगरसेवकाने अडवले होते?

आमची घरपट्टी थकली तर काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला 24. मग जप्तीची नोटीस, नळ तोडण्याची धमकी, चौकात थकबाकीदारांच्या नावाचा फलक. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला. आमच्या रविवार पेठेतल्या दोन खोल्यांना ती माफी नाही. मुंबईकरांचा मत्सर करत नाही, पण माफी देताना आपले हात एवढे सढळ असतील तर त्यातला थोडा सढळपणा घाटावर चढू द्या. आणि आमच्या बिलातच शिक्षण कर असतो, दुकान असेल तर रोजगार हमी कर असतो. ते पैसे नगरपरिषदेचे नसून आपले असतात, ती फक्त गोळा करून देते.

कंपन्यांवर कर लावला तर तो शेवटी ग्राहकाच्याच बिलात येईल, असे आपण म्हणाल. येईल. पण राज्यभर पसरून येईल. आज तो ओझ्याच्या रूपाने फक्त त्या गावावर पडतो, ज्याच्या रस्त्यात खड्डा खणला गेला, ज्याच्या माळावर चक्की उभी राहिली, ज्याच्या शेतावर राख उडाली. सूट द्यायचीच असेल तर विधिमंडळात मांडा, किती कोटींची सूट आहे ते सांगा आणि तेवढी भरपाई राज्याच्या तिजोरीतून गावांना द्या. न मोजता दिलेली सूट ही सूटच नव्हे, ती आमच्या खिशातून परस्पर केलेली उधळपट्टी आहे.

आज मागणे फार थोडे आहे. नगररचना आणि मूल्यनिर्धारण खात्यात वीज, दूरसंचार, पवनऊर्जा आणि वाहतूक कंपन्यांच्या अखंड मूल्यासाठी स्वतंत्र कक्ष करा, नियामक आयोगापुढचे त्यांचेच आकडे पाया म्हणून घ्या, आणि वाहिन्यांच्या लांबीप्रमाणे, मनोऱ्यांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेचा हिस्सा जाहीर करा. दूरसंचार कायद्याच्या कलम 14 चा आपला अर्थ लेखी कळवा, म्हणजे पुढच्या चतुर्थ वार्षिकाला मुख्याधिकारी अंधारात चाचपडणार नाहीत. राजकोटच्या तोडग्याप्रमाणे झालेल्या करारांची यादी संकेतस्थळावर टाका. आणि यातले काहीच करायचे नसेल, तर ‘करणार नाही’ एवढे दोन शब्द सहीशिक्क्यानिशी लिहून पाठवा. ते उत्तर मी नगरपरिषदेच्या सभागृहात, नव्याने निवडून आलेल्या सदस्यांसमोर वाचून दाखवायला देईन.

आपला,
एक करदाता,
अंबाजोगाई, जि. बीड

प्रत माहितीसाठी: संचालक, नगररचना आणि मूल्यनिर्धारण, पुणे, प्रधान सचिव, ग्रामविकास विभाग, मुंबई, जिल्हाधिकारी, बीड